कोणते यंत्र, कोणाकडे?

कंपनीने विकत घेतलेला प्रत्येक लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर, सर्व्हर आणि राउटर सध्या कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, चालू आहे की बंद, त्यात कोणते सॉफ्टवेअर आहे, याची नोंद माणसाने जागेवर न जाता सतत होत राहणे म्हणजे उपकरणांचा स्वयंचलित माग. या एका यादीतून कंपनीतल्या तीन विभागांना तीन वेगळी उत्तरे हवी असतात. हिशेब विभागाला खरेदीची किंमत आणि घसारा हवा असतो. तंत्रज्ञांना मॉडेल, वॉरंटी आणि दुरुस्तीचा इतिहास लागतो. सुरक्षा विभागाचा प्रश्न सर्वांत छोटा आणि सर्वांत अवघड असतो: नेटवर्कवर आत्ता जे यंत्र दिसते आहे, ते आपलेच आहे का?

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत जडसंग्रह नोंदवही असते. टेबल, कपाट, पंखा अशी टिकाऊ वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो, तो रंगाने तिच्यावर लिहिला जातो आणि ठरलेल्या वेळी वही हातात घेऊन वस्तू मोजल्या जातात. खासगी कंपन्यांनाही अशी नोंद चुकलेली नाही. कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालाबाबतचा २०२० चा आदेश ज्यांना लागू होतो, त्यांच्या लेखापरीक्षकाला दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात: यंत्रसामग्रीच्या नोंदी संख्या आणि ठिकाण यांसह नीट ठेवल्या आहेत का, आणि व्यवस्थापनाने वाजवी कालांतराने प्रत्यक्ष पडताळणी केली आहे का. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप-लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे आणि सर्व्हर व नेटवर्क यंत्रणेचे ६ वर्षे धरले आहे.

कपाटासाठी ही पद्धत उत्तम आहे, कारण कपाट वर्षभर एकाच भिंतीला असते. लॅपटॉपचे तसे नसते. तो आज हिंजवडीच्या कचेरीत, उद्या नाशिकच्या घरी आणि परवा दुरुस्तीच्या दुकानात असतो. दुरुस्तीत त्याचा मदरबोर्ड बदलतो. नोकरी सोडणाऱ्याकडून तो परत येतो, पुसला जातो आणि नव्या माणसाच्या हाती जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुणे, मुंबई, बेंगळुरू येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी टेबलावरचे डेस्कटॉपसुद्धा कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवले. काही दिवसांत इतकी यंत्रे हलली की वर्षातून एकदा होणाऱ्या मोजणीला अर्थ उरत नाही. यंत्राने स्वतःच आपली खबर दिली पाहिजे, ही गरज इथून येते.

खबर देण्यासाठी आधी यंत्राला ओळख लागते, आणि या विषयातली खरी गुंतागुंत तिथेच आहे. एका लॅपटॉपला एकाच वेळी अनेक ओळखी असतात. निर्मात्याने दिलेला सिरीयल नंबर खालच्या बाजूला छापलेला असतो आणि मदरबोर्डवरच्या स्मृतीतही साठवलेला असतो. कंपनी त्यावर स्वतःच्या क्रमांकाचे असेट टॅग चिकटवते. त्यातल्या प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. त्याचे पहिले २४ बिट निर्मात्याचे असतात आणि आयईईई ही अभियंत्यांची संस्था त्यांचे वाटप करते. पत्त्याचा हा पहिला भाग वाचून दिसणारे यंत्र प्रिंटर आहे की कॅमेरा, याचा अंदाज बांधता येतो. मोबाइलला १५ अंकी आयएमईआय असतो. त्याच्या पहिल्या ८ अंकांवरून मॉडेल कळते, आणि शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून गणिताने काढलेला असल्याने लिहिताना झालेली चूक पकडता येते. चोरीचा फोन देशभरातल्या नेटवर्कांवर बंद पाडण्याची भारत सरकारची व्यवस्था याच क्रमांकावर उभी आहे. २०१९ मध्ये तिची चाचणी महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सुरू झाली आणि २०२३ मध्ये 'संचार साथी'मार्फत ती सगळ्या देशाला खुली झाली.

यांपैकी एकही ओळख पूर्ण भरवशाची नाही. मोठ्या कंपनीचा तयार लॅपटॉप आपला सिरीयल नंबर नीट सांगतो. पण बाजारातून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकाला तोच प्रश्न विचारला तर अनेकदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असे उत्तर येते, म्हणजे ती रिकामी जागा कोणी भरलेलीच नसते. अशी पन्नास यंत्रे असतील तर सिरीयल नंबरवर विसंबणारी प्रणाली त्या पन्नासांना एकच यंत्र समजते. मॅक पत्त्याची अडचण उलटी असते. पातळ लॅपटॉपला केबलचे भोक नसते, म्हणून तो टेबलावरच्या डॉकला जोडतात. केबलवरून दिसणारा पत्ता मग डॉकचा असू शकतो, आणि त्या टेबलावर दिवसभरात बसलेले तीन लोक यादीत एकाच यंत्रावर गोळा होतात. फोनचा पत्ता तर मुद्दामच बदलता ठेवलेला आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा, बनवलेला पत्ता दाखवतात, म्हणजे दुकाने आणि जाहिरातदार माणसाचा पाठलाग करू शकत नाहीत. आभासी यंत्रांची नक्कल करताना त्यांची ओळखही नक्कल होऊ शकते. म्हणून चांगली प्रणाली एका ओळखीवर कधीच थांबत नाही. ती सिरीयल नंबर, मदरबोर्डची ओळख, मॅक पत्ते, यंत्राचे नाव अशा चार-पाच खुणा एकत्र पाहते, त्यांना कमी-जास्त वजन देते आणि 'हे तेच यंत्र' असा निष्कर्ष काढते.

चिकटवलेल्या टॅगांचा इतिहास जुना आहे. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांनी बारकोडच्या पेटंटसाठी १९४९ मध्ये अर्ज केला आणि ते १९५२ मध्ये मिळाले. दुकानात आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंग गमच्या पाकिटावर. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला. आज बहुतेक कंपन्यांच्या असेट टॅगवर यांपैकी एक असतो. छपाई स्वस्त असते आणि वाचायला साधा फोन पुरतो. तरी हे टॅग एकेक करून, समोर धरून वाचावे लागतात, म्हणजे कोणीतरी तिथे जावेच लागते.

रेडिओ टॅगला समोर धरावे लागत नाही. आरएफआयडीच्या साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राने सोडलेल्या लहरींतूनच तो ऊर्जा घेतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. भारतात यासाठी ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा वापरतात. काही मीटरांवरून, एका सेकंदात शेकडो टॅग वाचता येतात, त्यामुळे बंद खोक्यातले लॅपटॉप खोके न उघडता मोजता येतात आणि दरवाजाच्या चौकटीत वाचकयंत्र बसवले तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राची वेळ नोंदली जाते. अडचण धातूची आहे. सर्व्हर, त्याचा रॅक, लॅपटॉपचे ॲल्युमिनियमचे कवच हे सगळे रेडिओलहरी परावर्तित करतात आणि साध्या टॅगचा अँटेना धातूला चिकटला की बेसूर होतो. त्यासाठी मध्ये जाड थर असलेले खास टॅग लागतात, आणि ते महाग असतात. ज्या सर्व्हर-खोलीत असा माग सर्वांत उपयोगी, तिथेच तो बसवणे सर्वांत कष्टाचे ठरते.

टॅग यंत्राच्या शरीराचा माग ठेवतो. दुसरी वाट नेटवर्कवरून जाते. नेटवर्कवर बोलणारे प्रत्येक यंत्र कुठेतरी पाऊलखुणा सोडते, आणि शोधप्रणाली त्या गोळा करते. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे प्रत्येक पत्त्याला हाक मारून कोण उत्तर देतो ते पाहणे. पिंग हा त्यासाठीचा छोटा कार्यक्रम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. गॉर्डन लायन यांचा १९९७ चा एनमॅप याच्या पुढे जातो. यंत्राची कोणती दारे उघडी आहेत आणि ते उत्तर कसे देते, यावरून तो आतली कार्यप्रणाली ओळखायचा प्रयत्न करतो. पण पुष्कळ यंत्रे सुरक्षेसाठी हाकेला उत्तर देत नाहीत. म्हणून राउटर आणि स्विच यांनाच विचारणे जास्त फलदायी असते. १९८८ पासून वापरात असलेल्या एसएनएमपी पद्धतीने स्विचकडून त्याच्या कोणत्या भोकात कोणता मॅक पत्ता दिसतो हे कळते, आणि भिंतीतल्या केबलांचा नकाशा ठेवलेला असेल तर ते भोक म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे अमुक टेबल, इथपर्यंत पोचता येते. यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरची नोंद तिसरी साक्ष देते.

नव्या पत्तापद्धतीत हाका मारत जाण्याची युक्ती चालत नाही. आयपीव्ही४ च्या नेहमीच्या छोट्या जाळ्यात २५४ वापरता येणारे पत्ते असतात; ते काही सेकंदांत तपासून होतात. आयपीव्ही६ मध्ये एकाच जाळ्यात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. सेकंदाला १० लाख पत्ते तपासले तरी सगळे संपायला सुमारे ५ लाख ८५ हजार वर्षे लागतील. तिथे राउटरकडे असलेल्या शेजाऱ्यांच्या यादीवर आणि वाहत्या रहदारीवर लक्ष ठेवण्यावाचून मार्ग नाही.

नेटवर्कवरून यंत्र बाहेरून दिसते. आत काय आहे हे जाणायला यंत्रातच एक छोटा कार्यक्रम बसवावा लागतो. त्याला एजंट म्हणतात. तो ठरावीक वेळाने सिरीयल नंबर, डिस्कचा आकार, बसवलेली सॉफ्टवेअर, शेवटची सुधारणा कधी झाली, कोण लॉग-इन आहे हे मध्यवर्ती सर्व्हरला कळवतो. जीएलपीआय आणि ओसीएस इन्व्हेंटरी यांसारख्या मुक्त प्रणालींमुळे छोट्या संस्थांनाही हे परवडते. खरेदीच्या टोकाला आता एक उपयोगी बदल झाला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटसारख्या सेवांत विक्रेताच यंत्राची ओळख ग्राहक कंपनीच्या नावावर चढवतो. खोके कर्मचाऱ्याच्या घरी उघडले आणि यंत्र इंटरनेटला जोडले की ते आपोआप कंपनीच्या व्यवस्थापनात दाखल होते. स्टोअरमधल्या माणसाने नोंद करायची विसरण्याचा टप्पाच त्यातून जातो.

एजंट जी एक गोष्ट सांगतो तिचे मोल फार मोठे असते: डिस्क कूटबद्ध आहे की नाही. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातील एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाहेरून जोडायची डिस्क चोरीला गेली. त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची वैयक्तिक माहिती होती आणि ती कूटबद्ध नव्हती. यंत्र पुढच्याच महिन्यात सापडले, तरीही २००९ मध्ये सरकारने २ कोटी डॉलरवर तडजोड केली. यंत्र हरवल्याचे कळताच 'त्यात काय होते आणि ते वाचता येईल का' याचे उत्तर यादीतून मिळत नसेल, तर ती यादी अपुरीच म्हणायला हवी.

आता खरे काम सुरू होते, ते ताळमेळाचे. खरेदी विभागाची बिले एक संख्या सांगतात, एजंट दुसरी, स्विच तिसरी आणि मनुष्यबळ विभागाची हजर कर्मचाऱ्यांची यादी चौथीच. या याद्या जुळत नाहीत, आणि त्या न जुळणे हाच या सगळ्या खटाटोपाचा खरा लाभ आहे. बिलात आहे पण एजंटने कधीच खबर दिली नाही, तर यंत्र खोक्यात पडून आहे किंवा हरवले आहे. स्विचला दिसते पण एजंट नाही, तर ते टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर यांसारखे एजंट न चालणारे उपकरण आहे, किंवा कोणीतरी बाहेरून आणून जोडले आहे. एजंट रोज खबर देतो पण ज्याच्या नावावर यंत्र आहे तो तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेला, तर परतीची प्रक्रिया कुठेतरी अडकली आहे. महिनाभर खबर नाही, तर रजा, बिघाड किंवा चोरी. प्रत्येक फरकामागे वेगळी कृती असते. म्हणून यादी किती मोठी आहे यापेक्षा तिच्यातले फरक किती दिवसांत मिटतात, हे मोजणे शहाणपणाचे. नुसती आकडेवारी सुंदर आलेखांत मांडणाऱ्या प्रणाली पुष्कळ मिळतात. फरक एखाद्या नेमक्या माणसाच्या कामाच्या यादीत टाकणाऱ्या कमी, आणि त्याच पैसे देण्याजोग्या.

हे फरक दुर्लक्षिले की काय होते, याचे अगदी लख्ख उदाहरण कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे आहे. मंगळावर गाड्या उतरवणारी ही संस्था. नासाच्या महानिरीक्षकांनी जून २०१९ च्या अहवालात सांगितले की एप्रिल २०१८ मध्ये उघड झालेल्या घुसखोरीत हल्लेखोराने रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचा आधार घेतला होता. तो परवानगीशिवाय संस्थेच्या नेटवर्कला जोडलेला होता. हल्लेखोर सुमारे १० महिने आत होता आणि त्याने २३ फायलींतली सुमारे ५०० मेगाबाइट माहिती नेली. त्यांपैकी दोन फायलींत मंगळमोहिमेशी संबंधित, निर्यातनिर्बंध असलेली माहिती होती. धोका पसरेल या भीतीने जॉन्सन अंतराळ केंद्राने या संस्थेशी असलेला आपला जोड काही काळ तोडला. अहवालातली सर्वांत बोलकी गोष्ट घरातली आहे. उपकरणांच्या नोंदीसाठी संस्थेकडे डेटाबेस होता. पण त्यात भर घालण्याची सोय कधीकधी चालत नसे, मग नंतर नोंद करायची राहून जाई, असे एका प्रशासकाने तपासणाऱ्यांना सांगितले. बहुतेक प्रशासकांनी आपापल्या वेगळ्या याद्या ठेवल्या होत्या. हुशार, कष्टाळू माणसांच्या संस्थेत हे घडले. नोंद माणसाच्या आठवणीवर सोडली की ती राहतेच, म्हणून ती आपोआप व्हावी लागते.

आपोआप शोधणेही आंधळेपणाने पुरत नाही. अमेरिकेच्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत २०१७ मध्ये १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या सॉफ्टवेअरमधून चोर शिरले, त्यातली त्रुटी दूर करणारी दुरुस्ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली होती. चोर मेमध्ये आले. मधल्या काळात कंपनीने ते सॉफ्टवेअर आपल्याकडे कुठे कुठे आहे हे स्वयंचलित तपासणीने शोधलेही, आणि तपासणीला काही सापडले नाही. आपल्या यंत्रांची व सॉफ्टवेअरची पूर्ण यादी कंपनीकडे नव्हती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. सायबरसुरक्षेच्या सीआयएस या प्रसिद्ध नियमावलीत पहिला नियम उपकरणांच्या यादीचा आणि दुसरा सॉफ्टवेअरच्या यादीचा आहे. हा क्रम योग्यच आहे, कारण जे असल्याचे माहीतच नाही त्याचे रक्षण कोणी करू शकत नाही.

यंत्राचा माग ठेवता ठेवता माणसाचा माग लागतो, हा या तंत्राचा गंभीर धोका. पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याने विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते आणि चोरीनंतर यंत्र शोधण्यासाठी त्यांच्या कॅमेऱ्यातून दूरस्थपणे छायाचित्रे घेण्याची सोय ठेवली होती. मुलांच्या घरांतली हजारो छायाचित्रे तीतून घेतली गेली. कित्येकदा यंत्र सापडल्यावरही सोय बंद करायची राहिली होती. २०१० मध्ये जिल्ह्याला ६ लाख १० हजार डॉलर देऊन खटले मिटवावे लागले. त्यातून मर्यादा कुठे घालायची हे दिसते. ॲपलच्या व्यवस्थापन पद्धतीत कंपनीला फोनचे ठिकाण तो 'हरवला' असे घोषित केल्यावरच विचारता येते, आणि अँड्रॉइडच्या कामाच्या प्रोफाइलमध्ये कर्मचाऱ्याची खासगी ॲप कंपनीला दिसत नाहीत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाला नुकसानापासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते. ही सवलत पुरेशी रुंद आहे. म्हणून कंपनीने काय पाहिले जाते, किती दिवस ठेवले जाते आणि कोण पाहू शकतो, हे लॅपटॉप हाती देतानाच लेखी सांगणे न्याय्य आहे. पडद्याची छायाचित्रे आणि कळांचे ठोके नोंदवणे ही वेगळीच गोष्ट. उपकरणांच्या यादीला त्यांची काहीही गरज नसते.

शेवटचा टप्पा यंत्र काढून टाकण्याचा. हिशेबात त्याची किंमत शून्याजवळ आलेली असते, त्यामुळे लक्षही कमी होते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने मॉर्गन स्टॅन्ले स्मिथ बार्नीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. हजारो हार्ड डिस्क आणि सर्व्हर निकाली काढायचे काम कंपनीने सामान हलवणाऱ्या एका संस्थेला दिले होते. माहिती नष्ट करण्याचा त्या संस्थेला अनुभव नव्हता. त्यांतली काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसह इंटरनेटवरच्या लिलावात पोचली. शाखांतले जुने सर्व्हर बदलताना नोंदी जुळवल्या, तेव्हा ४२ सर्व्हर सापडलेच नाहीत.

भारतात २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आर्थिक वर्षात कधीही किमान १,००० सूचीबद्ध उपकरणे वापरणारी संस्था त्यांत मोठी ग्राहक ठरते आणि तिला आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यावा लागतो. भंगारवाल्याला वजनावर विकून मोकळे होता येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्राच्या नोंदीत डिस्क कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेला, कोणी पुसली आणि पुनर्चक्रण करणाऱ्याची पावती कोणती, हे जोडावे लागते. नोंद मात्र पुसायची नसते. यंत्र गेले तरी त्याचा सिरीयल नंबर 'निकाली' या शेऱ्यासह यादीत राहतो, आणि तोच क्रमांक पुन्हा कधी कंपनीच्या नेटवर्कवर दिसला तर प्रणाली त्याच मिनिटाला सुरक्षा विभागाला कळवते.